पाचवं गाव

सरोजिनी नगरच्या क्वार्टरची किल्ली परत द्यायची होती, एवढंच त्या दिवशीचं काम. डिसेंबर पंच्याण्णव. दोन महिन्यांपूर्वी आम्ही यमुनेपलीकडे, एका नव्या सोसायटीत राहायला गेलो होतो, आणि क्वार्टरमध्ये एक शेवटचा खोका तेवढा राहिला होता. यांना सुट्टी मिळेना, म्हणून मीच गेले. सरकारी माणसाने पंखे आणि नळ तपासले, माझी सही घेतली, आणि मी खोका मांडीवर धरून ऑटोत बसले. खोक्यात पितळेचे दोन डबे, लेकीच्या, केतकीच्या, जुन्या वह्या आणि तळाशी माझा ट्रान्झिस्टर.

तो मी बारा वर्षांत लावला नव्हता. टाकून देववलाही नव्हता.

दिवा असू दे तसाच, मालवू नका. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगताना मला अंधार नको असतो.

दिल्लीला येण्याआधी मी महाराष्ट्रातल्या एका लहान रेडिओ केंद्रावर निवेदक होते. शेतीची माहिती, जिल्ह्याचं वार्तापत्र, भावगीतं, पावसाळ्यात नदीची पातळी. 'निवेदिका प्रभा' एवढंच माझं नाव, पण बाजारात भाजीवाल्याही आवाजावरून ओळखायच्या. स्टुडिओ गावात होता आणि ट्रान्समीटर गावाबाहेर पाच मैलांवर, नदीच्या अंगाला. तिथे संध्याकाळच्या पाळीला नरसिंहराव असायचे. पन्नाशीचा, सडाफटिंग माणूस. आम्ही प्रत्यक्ष भेटलो असू चारपाच वेळा. बाकी सगळी ओळख टेलिफोनवरची. रोज संध्याकाळची सभा, म्हणजे प्रसारण, सुरू होण्याआधी त्यांचा फोन यायचा.

"बाई, कॅरियर दिलाय. या."

कॅरियर म्हणजे नुसती लहर. आवाज नसलेली. स्टेशन लागलेलं असतं, पण बोलत कुणीच नसतं. रेडिओची खरखर त्या जागी एकदम थांबते, आणि कुणीतरी श्वास धरून बसल्यासारखी शांतता येते. ती शांतता मला फार आवडायची. तिच्यात पहिला शब्द मी टाकणार असायचे.

तर तो ट्रान्झिस्टर घरी आणला. कोपऱ्यावरच्या दुकानातून चार सेल घेतले. आमच्या सोसायटीत अठ्ठेचाळीस फ्लॅट होते आणि माणसं आली होती सात घरांत. बाकी सगळ्या खिडक्या उघड्या, चौकटी नसलेल्या. जिन्यात चुन्याचा ओला वास. वीज रोज पावणेसहाला जायची ती आठपर्यंत. आम्ही चौथ्या मजल्यावर. वीज गेली की खालच्या शेतांपासून आमच्या बाल्कनीपर्यंत एकच धुकं असायचं, आणि त्यात कुठे कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही.

सरोजिनी नगरात मीडियम वेव्हवर लांबचं काही लागणं शक्यच नव्हतं. घरोघरी फ्रिज, टीव्ही, ट्यूबलाइट, सगळ्यांची मिळून नुसती करकर. इथे अंधारात मात्र रेडिओ स्वच्छ लागला. सूर्य मावळला की मीडियम वेव्ह वर आकाशात जाऊन लांब कुठेतरी परत उतरते, हे नरसिंहरावांनीच मला शिकवलं होतं. मी काटा सरकवत गेले. गुजराती बाजारभाव... एक राजस्थानी गाणं... पलीकडे पंजाबी भजन. केतकी मेणबत्तीपाशी गणितं सोडवत होती.

"आई, एफएम लाव ना यार. हे काय बोअरिंग!"

काटा आमच्या केंद्राच्या जागी आला. खरखर थांबली.

मी हात काढून घेतला. तिथे काही लागायलाच नको होतं. पुरानंतर तो ट्रान्समीटर कायमचा बंद झाला होता. केंद्र दुसऱ्या जागी गेलं आणि एफएमवर सुरू झालं, असं मला एका मैत्रिणीने पत्रात कळवलं होतं. मग हे काय? दुसरं कुठलं केंद्र असेल, असं म्हणून मी ट्रान्झिस्टर हळूहळू फिरवायला लागले. रेडिओचं टोक स्टेशनच्या दिशेला गेलं की आवाज बसतो; त्यावरून स्टेशन कुठल्या अंगाला आहे ते कळतं. मी पूर्ण एक फेरा मारला. आवाज कुठेच बसला नाही. सगळ्या बाजूंनी सारखी शांतता. लहर बाहेरून येतच नसावी... खोलीतच असावी, तशी.

पंधरा मिनिटांनी ती गेली आणि खरखर परत आली.

दुसऱ्या दिवशी माझं कशात लक्ष लागेना. कुकरच्या शिट्ट्या चुकल्या. तीनदा बाल्कनीत गेले, तीनदा आत आले. ठरवलं होतं की रेडिओला हात लावायचा नाही. पावणेसहाला वीज गेली, आणि मी लावला.

कॅरियर होताच. पण त्याच्या तळाशी काहीतरी हालत होतं. मी कान अगदी जाळीला टेकवला. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. थांबला. परत. डिझेल इंजिनाला हँडल मारतात ना, तसा. इंजिन धरत नव्हतं. मग कुणीतरी खोकलं.

तेवढ्यात हे आले. जिना चढून दमले होते.

"डिझेलचा वास कसला येतोय घरात?" यांनी विचारलं.

"तुम्हालाही येतोय?"

"म्हणजे काय! आणि चिखलाचा पण. बिल्डरने जनरेटर सुरू केलेला दिसतोय. अच्छा है, चला."

"अहो, जनरेटर अजून बसवलाय कुठे?"

हे खिडकीपाशी जाऊन खाली बघत राहिले. मग खिडकी लावून घेतली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आता ते सांगते, ज्याच्यासाठी एवढं सांगायला बसले.

ऑगस्ट त्र्याऐंशी. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. संध्याकाळी सहाच्या सुमारास स्टुडिओत कलेक्टर कचेरीतून फोन आला: धरणाचे दरवाजे उघडणार, नदीकाठच्या पाच गावांनी ताबडतोब उंचावर जावं. लाइन खराब होती. मी गावं लिहून घेतली, पाचव्याचं नाव दोनदा विचारून घेतलं. उंबरधोंड. आणि लगेच चालू कार्यक्रम थांबवून सूचना वाचली. घाईत चारच गावं वाचली. गाणं सुरू झालं आणि कागदावरचं शेवटचं नाव माझ्याकडे बघायला लागलं.

गाणं तोडून मला ते नाव वाचता आलं असतं. एक बटण दाबायचं होतं. पण सूचना वाचून झाल्यावर लगेच परत मध्येच बोलायचं, म्हणजे चूक झाली हे सगळ्या जिल्ह्याला कळणार, ड्यूटी ऑफिसर बोलणार. गाणं संपायला दोन मिनिटं होती. म्हटलं, संपलं की वाचू.

दोन मिनिटांच्या आत ट्रान्समीटरची वीज गेली.

नरसिंहरावांचा फोन आला. "बाई, मेन्स गेली. डिझेल सुरू करतो. दहा मिनिटांत कॅरियर देतो, तयार राहा."

"नरसिंहराव, एक गाव राहिलंय हो माझ्याकडून..."

"देतो म्हटलं ना. तुम्ही माइक सोडू नका."

मी माइक सोडला नाही. रात्री साडेदहापर्यंत तो कागद हातात धरून बसले होते. कॅरियर आला नाही. तिसऱ्या दिवशी नरसिंहराव बाभळीत अडकलेले सापडले. पेपरात उंबरधोंडचे अकरा लोक गेल्याची बातमी होती. मला कुणीही काही विचारलं नाही. ती सूचना ऐकणाऱ्यांना चार गावं ऐकू आली होती, आणि माझ्याकडून एक नाव राहिलं हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. त्यातले नरसिंहराव गेले. चार महिन्यांत यांची दिल्लीला बदली झाली आणि मी आनंदाने निघाले.

तिसरी संध्याकाळ. मी रेडिओ कपाटात, चादरींच्या खाली घालून ठेवला होता, सेल काढून. पावणेसहाला वीज गेली. केतकीने मेणबत्ती लावली. हे ऑफिसातून यायचे होते.

फोन वाजला. फोन आमच्याकडे नवाच आला होता. पूर्वी वर्षानुवर्षं नंबर लागायचा नाही, आता दोन महिन्यांत मिळाला होता, आणि केतकी प्रत्येक वेळी धावत जाऊन उचलायची.

"हॅलो? ...हां जी? ...आई, कोणी अंकल आहेत. म्हणतात, बाईंना द्या."

"कोण? नाव विचार."

"नाव नाही सांगत. खूप दूरून बोलतायत. पाण्याचा आवाज येतोय मागून."

मी रिसीव्हर घेतला.

"बाई..." दम लागलेला आवाज. "कॅरियर दिलाय. या."

केतकी मेणबत्ती घेऊन माझ्याकडे बघत उभी होती.

"बाई? आहात ना?"

"नरसिंहराव... तुम्ही..."

"पाणी टेबलापर्यंत आलंय. इंजिन फार वेळ धरणार नाही. वाचा लवकर."

पळून जावं असं वाटत होतं. रिसीव्हर टाकून, पोरीला घेऊन, चार मजले उतरून रस्त्यावर. पण पाय हलले नाहीत, आणि खरं सांगू? हलवावेसेही वाटले नाहीत. बारा वर्षं मी हेच मागत होते. मी घसा साफ केला. आणि अंधारात, भिंतीकडे तोंड करून, निवेदनाच्या आवाजात वाचायला लागले. कागद नव्हता. त्याची गरज नव्हती. नदीकाठच्या पुढील गावांतील ग्रामस्थांना सूचना देण्यात येत आहे... पहिलं गाव. दुसरं. तिसरं. चौथं.

"उंबरधोंड," मी म्हटलं. "उंबरधोंड. उंबरधोंडच्या ग्रामस्थांनी ताबडतोब उंच जागी जावं. मी पुन्हा वाचते..."

"आई!" केतकीने माझा पदर ओढला. "आई, कपाटातून तुझी आवाज येतेय."

येत होता. चादरींच्या खालून, सेल नसलेल्या रेडिओतून, माझाच आवाज येत होता. तिशीतला, बारीक, घाई नसलेला. मी थांबले तरी तो थांबला नाही. त्याने पाचही गावं पुन्हा वाचली. मग काहीतरी आणखी बोलला, पण फोनमधलं पाणी इतकं वाढलं होतं की मला ते ऐकू आलं नाही.

"बरं झालं, बाई," नरसिंहराव म्हणाले. "आता मी बंद करतो."

इंजिन दोनदा आचके देऊन थांबलं. फोनवर नुसती घरघर उरली. केतकी रडत होती. मी तिला कवटाळून हे येईपर्यंत दाराशी बसून राहिले. यांना म्हटलं, वीज गेली म्हणून घाबरली.

त्यानंतर रेडिओवर त्या जागी खरखरच लागली. मी रोज बघितलं. जानेवारीत बघितलं, फेब्रुवारीत बघितलं. भीती गेली नाही, पण अंगातली तगमगही जाईना. शेवटी मे महिन्यात, माहेरी जाते असं सांगून, मी उंबरधोंडला गेले.

गाव आता वर, टेकडीच्या उतारावर वसवलेलं होतं. पारावर विठ्ठल नावाचे एक गृहस्थ भेटले, पूर्वी शाळेवर शिपाई होते. मी नाव सांगितलं, केंद्र सांगितलं. त्यांनी हात जोडले. मला वाटलं, आता हे मला विचारणार.

"तुम्ही होय त्या!" ते म्हणाले. "बाई, तुमच्यामुळे राहिलो आम्ही. अकरा गेले, ते खालच्या आळीतले, त्यांनी ऐकलं नाही. बाकी अख्खं गाव टेकडीवर होतं."

"तुम्हाला कुणी सांगितलं वर जायला?"

"रेडिओनं! आधी नाव नव्हतं आमचं. मग रेडिओ बंदच पडला. दिवेलागण होऊन गेली, आणि परत सुरू झाला. तुम्ही आमचं नाव घेतलंत. दोनदा घेतलंत."

मी पाराच्या दगडाला धरून बसले. त्या संध्याकाळी रेडिओ परत सुरू झाला नव्हता, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण समोर तो माणूस होता, त्याची नातवंडं अंगणात खेळत होती. मी रडले. बारा वर्षांत पहिल्यांदा मोकळी रडले. त्यांच्या सुनेने गुळाचा चहा केला, तो प्यायले. निघताना विठ्ठलराव एस.टी.पर्यंत सोडायला आले.

"एक विचारायचं राहिलं," ते म्हणाले. "ते सहावं गाव कुठलं हो?"

"गावं पाच होती."

"नाही, सहा वाचलीत. आमच्यानंतर एक. आम्हाला वाटलं, वरच्या खोऱ्यातलं असेल. पण मास्तरांनी नंतर तालुक्याच्या नकाशात शोधलं, जिल्ह्याच्या शोधलं. नाही सापडलं. कोहरगढी म्हणालात तुम्ही."

असलं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. तसं त्यांना सांगितलं आणि गाडीत बसले.

दिल्लीला परत आल्यावर रात्री जेवताना मी यांना सहज विचारलं, कोहरगढी नावाचं कुठलं गाव आहे का हो?

यांचा घास हातातच राहिला.

"आपल्या फ्लॅटच्या रजिस्ट्रीत आहे की. बिल्डरने यमुनाकाठच्या ज्या गावची जमीन घेतली ना, ते. पण आता कोणी ते नाव वापरत नाही, सगळे सेक्टरच म्हणतात," हे म्हणाले. "तुला कुणी सांगितलं?"