वासाने दिलेला शब्द

भुकेल्या जिवाला अन्नाचा वास देणे म्हणजे त्याला शब्द देणेच होय. डोळ्यांना शंका येते, कानही अनुभवाने शहाणे होतात; नाक मात्र जन्मभर भोळेच राहते. म्हणून गंध निर्माण करणाऱ्याच्या शिरावर इतर कारागिरांहून अधिक दायित्व असते. हे दायित्व एका सज्जन गृहस्थांच्या ध्यानात फार उशिरा आणि फार बिकट जागी आले, त्याची ही हकीकत आहे.

बिस्किटांना लोण्याचा आणि सरबतांना फळांचा वास देणारे अर्क सिद्ध करण्यात या गृहस्थांचे आयुष्य गेले होते. लोक त्यांना अर्कवाले म्हणत. उतारवयात एका आजारानंतर त्यांची घ्राणशक्ती समूळ नाहीशी झाली. ही गोष्ट त्यांनी घरातही कोणाला कळू दिली नव्हती. पान वाढले की "वा! काय सुरेख वास सुटला आहे," असे ते पूर्वीच्याच सवयीने म्हणत, आणि मुकाट्याने घास घेत.

त्यांच्या मेहुण्याला मासेमारीचा नाद होता. तो मऊ प्लॅस्टिकच्या अळ्या गळाला लावून मासे धरी. एकदा तो सहज म्हणाला, "दाजी, मासा काही वेडा नाही. प्लॅस्टिक तोंडात घेतो आणि थुंकून टाकतो. त्याला वास असता, तर क्षणभर तरी धरून ठेवला असता. तेवढ्यात मी दोरी खेचली असती!"

अर्कवाल्यांच्या विझलेल्या मनात ठिणगी पडली. जुन्या सवयीच्या आधारावर, केवळ प्रमाणे आठवून, त्यांनी माशांच्या तेलाचा एक दाट अर्क तयार केला. तो अजून खरा उतरतो की नाही, हे सांगायला त्यांचे स्वतःचे नाक उरले नव्हते. तेव्हा निवाडा माशाने करायचा! दूर अरण्यातील सरोवरात मिशाळ माशांची जुनी वस्ती होती. पाणी गढूळ, डोळ्यांचा उपयोग नाही. तेथे सारा कारभार वासावर. मेहुण्याने आपली रबरी होडी काढली. रुग्णालयात परिचारिका असलेली अर्कवाल्यांची लेक रजा टाकून निघाली, कारण या दोघांना एकटे सोडणे तिला धोक्याचे वाटत होते.

प्रवासाच्या आरंभीच लेकीने नाक मुरडले. "बाबा, होडीत भयंकर वास येतोय. बाटली गळतेय का?"

अर्कवाल्यांनी बाटली पाहिलीही नाही. नाक वर करून, जणू नीट हुंगून, ते म्हणाले, "छे! झाकण घट्ट आहे. एवढा वास तर यायचाच."

"तुझ्या बाबांना नाकाचं कोण शिकवणार?" मामा हसला. "माझ्या मोज्यांचा असेल."

"मामा, तुझ्या मोज्यांना मी ओळखते. हा दुसराच आहे."

विषय हसण्यावारी गेला, आणि अर्क थेंबाथेंबाने होडीच्या तळाशी, शिध्याच्या पिशवीत आणि अर्कवाल्यांच्या कोटाच्या बाहीत मुरत राहिला.

सरोवराच्या एका अरुंद फाट्यात त्यांनी तळ ठोकला. दोन्ही बाजूंना उभे कडे होते. पाण्यालगत दगडांची एक चिंचोळी वाट तेवढी फाट्याच्या मुखापर्यंत जात होती. तंबूची दोरी बांधून होते न होते तोच मागची झुडपे कडाडली. अस्वल! प्रचंड, ओले, भुकेने कासावीस झालेले! मामा ओरडला. लेकीने बापाला खडकामागे ओढले. मागे सरताना मामाचा पाय दगडांत अडकला आणि घोट्यातून मुरगळला. अस्वलाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते शिध्यावर तुटून पडले, पिशवी फाडून चाटूनपुसून रिकामी केली, मग होडीवर झेपावले. नखांचा एकच फटकारा! फस्स करून हवा निघाली. अस्वल ते रबर दातांत धरून ओढत ओढत थेट फाट्याच्या मुखाशी गेले आणि तेथेच ठाण मांडून बसले.

खरा अनर्थ पुढे होता. वनखात्याची गस्तीची होडी मोठ्या सरोवरातून जाई, परंतु फाट्याच्या वळणामुळे तळ तिला दिसणे अशक्य होते. तळावरचा धूर कड्यांआडच विरून जाई; मुखाशी जाऊन धूर केला तरच सुटका. आणि मुखाशी अस्वल! ते रबर चाटी, चावी, थुंकी, पुन्हा हुंगी. अन्नाचा एवढा वास, आणि अन्न कोठेच नाही! ते बिचारे जाणार तरी कसे?

दिवस मावळले आणि उगवले. मुळे शोधली, ती कडू निघाली. पाणी पिऊन पोट फुगे, भूक मात्र तशीच. एकदा गस्तीच्या होडीचा आवाज आला; तिघेही घसा फुटेस्तोवर ओरडले. आवाज जवळ आला, मंदावला, आणि दूर गेला. मामाची थट्टाही आटली. घोटा कलिंगडासारखा सुजला होता. लेक त्यावर ओल्या पट्ट्या ठेवी आणि बापाकडे पाही.

शेवटी अर्कवालेच बोलले. "मला वास येत नाही, बाळ. आजारापासूनच. तू विचारलंस तेव्हा मी उगाच नाक वर केलं."

कोणी रागावले नाही. रागावण्याइतके त्राण कोणातच उरले नव्हते.

लेक म्हणाली, "मला येतो ना. माझं नाक वापरा. काय करायचं ते सांगा."

मामाच्या खिशात गुंडाळलेली दोरी, गळ आणि प्लॅस्टिकची एक अळी शिल्लक होती; पण बिनवासाच्या त्या अळीला आजवर एकही मासा टिकला नव्हता. बाटली केव्हाच रिती झाली होती. अर्कवाल्यांनी कोट काढला. "हुंगून सांग, अर्क सर्वांत जास्त कुठे मुरलाय?"

"डाव्या बाहीला. कोपराजवळ," लेक तोंड वाकडे करत म्हणाली.

त्यांनी ती अळी त्या जागी घासली, पुन्हा घासली, कापडात गुंडाळून उन्हाने तापलेल्या खडकावर ठेवली. तेल प्लॅस्टिकवर चढले. मग गळ पाण्यात सोडला. सरोवर निश्चल होते. कड्यांच्या सावल्या पाण्यावर हलकेच सरकत होत्या, आणि तीन भुकेली माणसे एका दोरीकडे अशी पाहत होती, जसे गाभाऱ्यातील ज्योतीकडे पाहावे.

दोरी थरथरली.

"थांबा दाजी! धरू द्या त्याला!" मामा कुजबुजला.

मासा थुंकला नाही! अळी तोंडात धरून तो संथपणे निघाला. निवाडा झाला होता!

"आता!"

झटका! दोरी ताणली, तळहात चिरले, पाणी उसळले! मामा बसल्या जागेवरून दोरी ओढत होता, अर्कवाले कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते. मिशांचे ते रुंद डोके वर आले. मासा माणसाच्या मांडीएवढा होता. तो काठावर आला आणि मामा लहान मुलासारखा रडू लागला.

तेवढ्यात लेक ताठ झाली. "बाबा, वास येतोय. ओल्या केसांचा. उग्र."

अर्कवाल्यांना काहीच जाणवत नव्हते. वाट रिकामी होती. परंतु या वेळी त्यांनी नाक वर केले नाही. "पाण्यात चला! त्या मधल्या खडकावर! मामाला धर!"

"मासा, दाजी! मासा घ्या!"

अर्कवाल्यांनी मासा उचलला. त्या वजनात त्यांच्या लेकीचे जेवण होते, मेहुण्याचे बळ होते, त्यांच्या उरल्यासुरल्या कलेची साक्ष होती. आणि वळणावर अस्वल आले. बरगड्या मोजता येतील इतके खंगलेले, रबर चावून तोंड फेसाळलेले. अर्कवाल्यांनी त्याच्या डोळ्यांत पाहिले. त्यांनी मासा वाटेवर ठेवला. अगदी हळुवार, पान वाढावे तसा. मग ते मागे मागे सरत पाण्यात उतरले.

खडकावर तिघे एकमेकांना बिलगून बसले. आता करण्यासारखे काहीही हाती नव्हते. अस्वलाने मासा हुंगला. बराच वेळ हुंगला. जणू त्याचाही आता वासावर भरवसा उरला नव्हता. मग त्याने तो दातांत धरला आणि झुडपांत शिरून कड्याच्या घळीने वर वर निघून गेले. रबराकडे त्याने वळूनही पाहिले नाही.

मुखापर्यंतची वाट त्यांनी खुरडत, मामाला दोन्ही बाजूंनी सावरत पार केली. मामाच्या लायटरने फाटक्या होडीलाच आग लावली. काळाकुट्ट धूर सरळ आकाशात चढला.

"माझी होडी," मामा म्हणाला.

"तुझे मोजे पण टाक त्यात," लेक म्हणाली, आणि कित्येक दिवसांत प्रथमच मामा हसला.

सूर्य कलला तेव्हा गस्तीची होडी वळली. चालकाने त्यांना गरम कढण दिले. पेल्यावर वाफ होती. अर्कवाल्यांनी पेला नाकाशी नेला, मग लेकीकडे पाहून विचारले, "कसा वास आहे गं?"

"मिरीचा. आणि थोडा करपलेला," ती म्हणाली.

"बरं," ते म्हणाले, आणि प्याले.

त्या सरोवरातील मिशाळांच्या वंशाला खोल पाणी लाभो. त्या अरण्यवासी भुकेल्याला वासापाठोपाठ अन्न मिळत जावो. मामाचा घोटा बरा होवो, त्या लेकीचे नाक सदैव तिखट राहो. आणि विश्वासाने तिला विचारण्याइतकी नम्रता त्या पित्याच्या ठायी अखेरपर्यंत नांदो.