काचेआडची गदा

"मुलाची चौकशी की मुलीची?" दारात उभ्या असलेल्या बाईला मष्णूनं नेहमीचा प्रश्न टाकला.

"गदेची," बाई म्हणाली आणि मटकन खाली बसून रडायलाच लागली.

मष्णू गडबडला. गदा नावाची मुलगी काही त्याच्या ऐकिवात नव्हती.

बेळगावच्या खडेबाजारात, जिना चढून गेलं की अंबुबाई हलगेकरांचं हे ऑफिस. पाटीवर 'खासगी चौकशी' असं दणदणीत लिहिलेलं, पण पोट चालायचं ते लग्नाच्या स्थळांवर. नवरा मुलगा बँकेत आहे की बँकेसमोर पान लावतो, फोटोतली मुलगी आणि दाखवायची मुलगी एकच आहे ना, असल्या गोष्टी बाई खणून काढत. मष्णू त्यांचा मावसभाऊ. त्याची स्वतःची टॅक्सी होती. गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो आक्काचा सहायक असे, आणि गिऱ्हाईक बहुधा नसेच.

पाणी पिऊन बाई सावरली. "मी गंगव्वा. येळ्ळूरच्या कल्लाप्पा वस्तादांची बायको. तरणेपणी त्यांनी चांदीची गदा जिंकलेली, ती गावाला देऊन टाकली. तालमीत काचेच्या कपाटात असते. परवा बेस्तरवारी दिवाबत्तीला हे बघतात तर कपाटाला कुलूप तसंच आन् गदा गायब! चावी एकच, ती ह्यांच्या करगोट्याला."

"मग नाव त्यांच्यावरच आलं असणार."

"व्हय की! सेक्रेटरी भावकूशेठ म्हणतोय, उद्या ऐतवारच्या बैठकीत गदा आणा, न्हायतर तालमीतनं चालते व्हा. तीस वर्सं ती माती मळलीया हो त्यांनी! गदा मिळंपर्यंत कुस्तीच्या हौद्यात पाय ठेवणार न्हाय म्हणून मारुतीपुढं शपथ घेतल्या. पोरांनीपण घेतल्या. सगळ्यांनी अन्न सोडलंय."

"मष्णू, गाडी काढ," अंबुबाई उठल्याच.

गंगव्वाला घेऊन टॅक्सी तालमीसमोर थांबली आणि मष्णू खिडकीची काच खाली करायला खटपट करू लागला. ती दिवाळीपासून अडकलेलीच होती. तेवढ्यात बाहेरून लख्ख उजेड पडला आणि त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले.

गळ्यात भलामोठा कॅमेरा अडकवलेला एक पोरगा हसत उभा होता. भावकूशेठचा पुतण्या शामू, दुबईहून सुट्टीला आलेला. कॅमेऱ्यानं घुर्र करून तोंडातून एक कागद बाहेर काढला. बघता बघता त्यावर फोटो उमटला.

"ह्यात काही फिरवायला लागत न्हाय, अण्णा," शामू ऐटीत म्हणाला. "कॅमेरा एक आवाज सोडतो, आपल्याला ऐकू येत न्हाय. तो समोर आपटून माघारी आला की अंतर कळतं, आन् आपला आपणच नेम धरतो. उजेडपण दर फोटोला आपला आपण टाकतो."

"वटवाघळासारखं," अंबुबाई म्हणाल्या.

मष्णूनं फोटो पाहिला आणि त्याचं तोंड उतरलं. काचेवरचा 'जय हनुमान'चा स्टिकर अक्षर न् अक्षर वाचता येत होता. त्यामागं मष्णू म्हणजे नुसता पिठाचा गोळा, आणि नाकाच्या जागी पांढराफटक डाग.

"नेम चुकला की रं तुझ्या वटवाघळाचा!"

"दुबईत असं कधी झालं न्हाय," शामूनं त्याच्या चेहऱ्याकडं संशयानं बघितलं. मष्णूला ते फार लागलं. तरी फोटो त्यानं खिशात घातला.

तालमीत सुतकी कळा. तांबड्या मातीच्या हौद्याभोवती पंधरावीस पैलवान मांडी ठोकून बसलेले. गुरुवारपासून रात्रंदिवस तिथंच बसले होते म्हणे. कपाट भिंतीशी, कुलूप जिथल्या तिथं, काच शाबूत. कोपऱ्यात कल्लाप्पा वस्ताद बसले होते. भलं थोरलं शरीर, दोन्ही कान कुस्तीत चेपून गोळा झालेले.

"चावी कमरेची कधीच सुटत न्हाय?" अंबुबाईंनी विचारलं.

"न्हाय."

"अंघोळीलासुद्धा?"

वस्ताद अडखळले. "दुपारी विहिरीवर जाताना मारुतीच्या पायाशी ठेवतो. आता मारुतीचीपण चौकशी करता काय, बाई?"

"गरज पडली तर करू. त्या वेळी तालमीत कोण असतं?"

"कोण न्हाय. पोरं सकाळ-संध्याकाळ येतात."

मग भरमू पैलवानाची पाळी. गेल्या जत्रेत वस्तादांनी त्याला कुस्ती दिली नव्हती, म्हणून त्याचा राग होता असं गावात बोललं जाई.

"राग हाय," भरमू सरळच म्हणाला. "पण वस्तादांचा राग आला की मी दोन शिव्या घालतो आन् चार केळी खातो. गदा कशाला चोरू?" उपासाचं आठवल्यावर त्यानं घाईनं मांडीखालची केळ्याची साल मागं सरकवली.

शेवटी भावकूशेठ कंग्राळकर आले. पांढरंशुभ्र धोतर, मनगटावर रुंद पट्ट्याचं घड्याळ. तालमीचे वीस वर्षं सेक्रेटरी, पण आयुष्यात एकच दंड भरलेला, तोही सायकलला दिवा नसल्याचा.

"पुरावा हाय माझ्याकडं!" त्यांनी एक फोटो पुढं केला. "बेस्तरवारी दुपारी शामूच्या कॅमेऱ्यानं मीच काढलाय. बघा, गदा कपाटात हाय. तवा कपाट बंदच होतं, कुलूप लावलेलं. म्हणजे गदा गेली ती त्यानंतर, आन् चावीवाल्यानंच नेली. ह्यात काय डोकं चालवायचंय?"

फोटो खरोखर देखणा होता. चांदीवरच्या वेलबुट्टीची पानं मोजावीत इतका स्वच्छ, कुठं डाग नाही. मष्णूला मनातून हेवा वाटला. गदेला असा फोटो आणि आपल्याला तसा!

"सुरेख," अंबुबाई म्हणाल्या. "काचेबाहेरूनच काढला?"

"तर! मी कपाटाला हात लावत न्हाय, हौद्यात पाय ठेवत न्हाय. माझं काम कागदाचं."

"वाजले किती हो?" बाईंनी त्यांचं मनगट धरून थेट नाकाशी नेलं. मष्णू चकित झाला. रस्त्यापलीकडची पाटी वाचणारी आक्का आज घड्याळाला अशी नाक का घासते?

बाहेर येऊन त्यांनी शामूला गाठलं. "काकांनी किती फोटो काढले रं त्या दिवशी?"

"दोन उडवले. दाखवतोय एकच. दुसरा म्हणं वाया गेला."

"वाया गेलेला कुठाय?"

"देत न्हाय की! खिशावर हात ठेवून बसतोय."

"सगळ्यांना बोलव," अंबुबाई म्हणाल्या. "उद्यापर्यंत वस्तादांना उपाशी कशाला ठेवायचं?"

सगळे कपाटापाशी जमले. वस्तादांकडून चावी घेऊन अंबुबाईंनी गंगव्वाचा पितळी तांब्या आत ठेवला, कपाट बंद केलं आणि शामूला फोटो काढायला लावला. उजेड पडला, कागद बाहेर आला. तांब्या ओळखू येईना, मधोमध पांढरा डाग. मग त्यांनी दार उघडून दुसरा काढवला. तांब्यावरचे ठोक्याचे वण दिसत होते.

"मष्णू, तुझा फोटो दे. बघा, काच अडकलेल्या गाडीत हा बसला होता. स्टिकर स्वच्छ, माणूस पुसट. ह्या कॅमेऱ्याचा आवाज काचेवर आपटून माघारी येतो. त्याला वाटतं, फोटो काचेचाच काढायचाय. त्यात समोरून टाकलेला उजेड काचेत उमटून डाग पडतो."

"म्हणजे चूक माझ्या चेहऱ्याची न्हाय!" मष्णू ओरडला.

"न्हाय रं बाबा. मी रोज नवऱ्यामुलांचे फोटो बघते. फोटो कसा खोटं बोलतो हे ओळखणं हाच माझा धंदा. भावकूशेठ, तुमचा फोटो फारच चांगला आलाय. बंद काचेतून असा येणारच न्हाय. तुम्ही तो काढला तेव्हा कपाट उघडं होतं."

भावकूशेठांनी घाम पुसला. "म... मग?"

"वस्ताद विहिरीवर गेलेले, चावी मारुतीच्या पायाशी. ती घेऊन तुम्ही कपाट उघडलंत. गदा परत ठेवता आली नाही, म्हणजे तिला काहीतरी झालं. तुमच्या घड्याळाच्या पट्ट्याच्या भोकांत तांबडी माती हाय आन् तिला हळद-तेलाचा वास येतोय. शेतातल्या मातीला कोण हळद घालत न्हाय, शेठ. ती हौद्याची. गावानं सगळं धुंडाळलं, फक्त हौदा सोडून, कारण सगळ्यांची शपथ. तुम्ही रात्री येऊन गदा काढणार होता, पण शपथ घेऊन हे सगळे हौद्यालाच वेढा घालून बसले!"

पैलवान उसळले. भरमू हौद्याकडं धावला आणि काठावर कचकन थांबला. "वस्ताद, शपथ!"

"तुमच्यातलं कोणी उतरू नका," अंबुबाई शांतपणे म्हणाल्या. "शपथ भावकूशेठांनी घेतलेली न्हाय."

वीस वर्षांत पहिल्यांदा सेक्रेटरी गावादेखत हौद्यात उतरले. धोतर खोचून, रडत रडत त्यांनी कोपरा उकरला आणि गदा वर आली. गोळा एका बाजूनं चांगलाच चेपलेला होता.

"आता खिशातलं काढा," अंबुबाई म्हणाल्या.

फोटो हातोहात फिरला. डाव्या खांद्यावर गदा, उजव्या हातानं कॅमेरा स्वतःकडंच धरलेला. भावकूशेठांचे डोळे गच्च मिटलेले, तोंड आ वासलेलं आणि गदा कलंडायला लागलेली. पैलवान पोट धरून हसायला लागले.

"उजेडानं डोळंच दिपलं," भावकूशेठ हुंदके देत म्हणाले. "पायरीवर पडली. भ्यालो मी. वीस वर्सं दुसऱ्यांच्या खांद्यावर गदा देतोय वस्ताद, एकदा आपल्या खांद्यावर बघायची होती. म्हणून फोटो फाडवंना."

"आन् माझ्या माणसाला चोर केलंस!" गंगव्वा कडाडली. भावकूशेठांची मान खाली गेली.

कल्लाप्पा वस्ताद काठावरची माती कपाळाला लावून हौद्यात उतरले. त्यांनी गदा हातात घेतली, चेपलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, मग आपल्या गोळा झालेल्या कानाला हात लावला.

"कान चेपला तवा मी पैलवान झालो. ही आजवर कपाटात नुसती बसून होती. आता ही बी तालमीची झाली."

मग त्यांनी ती गदा उचलून भावकूशेठांच्या मातकट खांद्यावर ठेवली आणि पडू नये म्हणून मागून स्वतः धरली.

"एवढी हौस होती तर मागायचं की रं. मी न्हाय म्हटलं असतं व्हय? शामू, काढ फोटो. आन् भावकू, उद्या बैठकीत झालेलं सगळं तुझ्या तोंडानं सांगायचं, आन् परवा पहाटं लंगोट घालून यायचं."

उजेड पडला. कागद बाहेर आला. फोटो अगदी स्वच्छ होता, फक्त भावकूशेठांनी डोळे याही वेळी मिटलेलेच होते.