दार लावणारा माणूस

मंडळाचे काळे पडदे धुऊन, इस्त्री करून देण्याचं काम ताईकडे असे. तिची लाँड्री कोपऱ्यावर होती आणि अंतराळप्रेमी मंडळाची खोली दोन गल्ल्या पलीकडे, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. उड्डाण दुपारचं असलं की खोलीत काळोख करावा लागे, नाहीतर प्रोजेक्टरचं चित्र भिंतीवर धड दिसत नसे. त्या दिवशीही ताई जेवण उरकून पडद्यांचं बोचकं काखोटीला मारून जिना चढली, स्टुलावर उभी राहिली आणि एकेक खिडकी झाकू लागली. खाली चष्मेवाले काका स्टूल धरून उभे होते आणि नेहमीप्रमाणे सूचना देत होते. आणखी डावीकडे, तिकडून ऊन येतंय, नीट बघ. ताई निमूटपणे ऐकत होती, कारण बोलायला तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं.

अंतराळात जाणाऱ्या तिघांमध्ये तिची सख्खी धाकटी बहीण होती. यानाची पायलट.

उड्डाणाच्या जागी नातेवाइकांसाठी काचेची गच्ची होती. तिथे जायचं ताईने टाळलं. रडून लाल झालेलं माझं नाक जगभर कशाला दाखवू, असं ती सगळ्यांना हसत सांगायची. खरं कारण वेगळं होतं. त्या गच्चीत घरच्यांसाठी दोन खुर्च्या राखून ठेवल्या होत्या, आणि दुसरीवर बसायला बाबा उरले नव्हते. गेल्याच महिन्यात झोपेत त्यांचं हृदय बंद पडलं.

बाबा यानाचं दार लावणाऱ्या पथकाचे मुकादम होते. अंतराळवीर आत बसले, पट्टे आवळले गेले, की उड्डाणाच्या मनोऱ्याच्या टोकाशी असलेल्या पांढऱ्या खोलीत उभं राहून हे पथक कुपीचं, म्हणजे ते बसतात त्या यानाच्या टोकाचं, दार बंद करतं आणि खाली उतरतं. दुसरी मंडळं अंतराळवीरांच्या सह्या जमवतात. हे मंडळ मात्र दार लावणाऱ्यांवर जीव टाकायचं. पांढरे अंगरखे, डोक्यावर टोपडी, तोंडाला फडकी, तरी नुसत्या चालीवरून काका सांगत, हा नवा, हा लंगडतो, आणि हे आपले मुकादम. हत्यारांची पेटी वाहून वाहून बाबांचा डावा खांदा उतरला होता. शंभर माणसांत ओळखू आला असता.

तरुणपणी त्यांनाही आत बसायचं होतं. हृदयात काही दोष निघाला आणि नाव कापलं गेलं. मग जन्मभर दुसऱ्यांना आत बसवून ते बाहेर उभे राहिले. त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. पण धाकटीची निवड झाली त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी अबोला धरला. तिचा फोन आला की ते न्हाणीघरात शिरत आणि नळ सोडून बसत. ताईने दोघांमध्ये किती खेटे घातले, किती विनवण्या केल्या. म्हाताऱ्याचा हेका सुटला नाही. मुलीचं कौतुक वाटण्याऐवजी बापाच्या पोटात दुखतंय, हे ताईला कळत होतं; पण तसं स्वतःशीसुद्धा म्हणायला तिची जीभ धजली नव्हती.

खोली भरली. प्रोजेक्टर तापला, त्यावरची धूळ करपल्यासारखा वास सुटला. दारालगतच्या खुर्चीत नर्सबाई बसल्या, मांडीवर लॅपटॉप घेऊन. त्यांचं आयुष्य अतिदक्षता विभागात गेलेलं, म्हणून उड्डाणाबरोबर जाहीर होणारे कुपीतल्या हवेचे आकडे बघणं मंडळाने त्यांच्याकडे दिलं होतं. काकांनी दिवा घालवला. भिंतीवर तिघं एकमेकांना खेटून आडवी पडलेली दिसली. मधली धाकटी. तिने कॅमेऱ्याकडे बघून अंगठा दाखवला आणि खोलीत टाळ्या पडल्या.

दार लागलं. पथक पांढऱ्या खोलीतून निघालं, लिफ्ट खाली गेली. निवेदकाने सांगितलं, मनोऱ्यावर आता कुणीही नाही.

“एक जण राहिलाय वर,” काका म्हणाले.

सगळ्यांनी पाहिलं. पांढऱ्या खोलीत, बंद दारासमोर, कॅमेऱ्याकडे पाठ करून एक जण उभा होता. तपासणीला थांबला असेल, कुणीतरी म्हणालं. ते पटण्यासारखं होतं, त्यामुळे कुणी फार मनावर घेतलं नाही. ताईने मात्र हातातला पेला खाली ठेवला. डावा खांदा उतरलेला होता.

त्या माणसाने दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. सावकाश, एखाद्या आजारी पोराच्या कपाळावरून फिरवावं तसं. खालच्या कोपऱ्याशी बोट थांबलं. मग तो वळला. टोपडं आणि फडकं यांच्यामधली डोळ्यांची फट काळी दिसत होती. त्याने कॅमेऱ्याकडे बघून मान हलवली. नाही. पुन्हा एकदा, नाही.

आणि मंडळाच्या बंद खोलीत ताईला स्पिरिटचा वास आला. दाराची रबरी कड बाबा स्पिरिटने पुसत. तोच वास घेऊन ते घरी येत.

तिला भीती वाटायला हवी होती, पण आधी भरून आलं. म्हातारा विरघळला, तिला वाटलं. जाताना लेकीशी बोलला नाही, म्हणून आता आलाय. दारात काही खोट आहे, ती दाखवतोय. धाकटीला वाचवायला आलाय.

नातेवाइकांची विचारपूस करायला एक अधिकारी नेमलेला होता. त्याचा नंबर ताईकडे होता. जिन्यात जाऊन तिने फोन लावला, आणि आयुष्यात कधी मारली नव्हती अशी सफाईदार थाप मारली. बाबांनी जाण्याआधी सांगितलं होतं म्हणाली. दाराच्या खालच्या कोपऱ्यात रबराची कड नीट बसत नाही, त्याचा त्यांना घोर लागला होता.

मग अधिकाऱ्याने हळूच विचारलं, “मुकादम स्वतः असं म्हणाले होते?”

“स्वतः.”

त्या खात्यात बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. थोड्याच वेळात भिंतीवरची उलटी मोजणी थांबली. निवेदकाने सांगितलं, दार पुन्हा तपासलं जाणार आहे. मंडळी हळहळली. ताईने देवाचे आभार मानले.

पथक परत वर आलं. पांढऱ्या खोलीत आता दुसरं कुणीच नव्हतं. त्यांनी दार उघडलं, वाकून कड तपासली, पुसली, पुन्हा तपासली. पाठीच पाठी दिसत होत्या. त्या पाठींच्या मध्ये, कधी आली कुणास ठाऊक, आणखी एक पाठ होती. उतरलेल्या खांद्याची. बाजूच्यांना तिचा पत्ता नव्हता. त्यांचे हात तिच्यामधून कडेकडे जात होते.

ती पाठ वाकली. आधी डोकं आत गेलं, मग खांदे, मग कंबर. घाई नव्हती. जन्मभर ज्या उंबऱ्याशी थांबावं लागलं तो ओलांडताना माणूस घाई कशाला करेल? पाय शेवटी आत ओढले गेले. ते बाहेर आले नाहीत.

पथकाने दार लावलं.

ताईने काकांचा दंड धरला. “काका… आत कोण गेलं?”

“कुणी नाही गेलं. पुसत होते.” काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. “ताई, तू घामाने निथळतेयस.”

तिने पुन्हा फोन लावला. दार उघडा, ती म्हणाली, पुन्हा उघडा, माझ्या बहिणीला बाहेर काढा. अधिकारी समजूतदार होता. दारात काहीच दोष नव्हता, तरी तपासलं ते बरंच झालं, असं तो म्हणाला. अशा वेळी घरच्यांचा जीव टांगणीला लागतो, पाणी प्या, बसून घ्या. मग फोन बंद.

मोजणी सुरू झाली. मंडळी नेहमीसारखी मोठ्याने आकडे म्हणू लागली आणि त्या गलक्यात ताईचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. भिंत पांढरीफटक झाली, खिडक्यांची तावदानं थरथरली असं वाटलं, आणि यान गेलं. नीट गेलं. कुठे काही बिनसलं नाही. काकांनी डोळे पुसले.

टाळ्या थांबल्या तेव्हा नर्सबाई बोलल्या. त्यांनी आवाज चढवला नव्हता, पण सगळे गप्प झाले.

“उच्छ्वासाचा आकडा जास्त येतोय.”

घाबरली असतील पोरं, कुणीतरी म्हणालं, श्वास भराभर चालत असेल. नर्सबाईंनी मान हलवली. घाबरलेल्याचा आकडा चढतो आणि उतरतो, त्या म्हणाल्या, हा एका जागी ठाम आहे. बंद खोलीत माणसं किती ते हवा लपवत नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“चौघांचा श्वास आहे हा. आणि हवा तिघांपुरतीच भरलेली असते.”

खालच्या नियंत्रण कक्षालाही ते दिसलं असावं. त्यांनी विचारणा केली, कमांडरने सांगितलं की आम्ही तिघंही आरामात आहोत, फक्त थोडं गुदमरल्यासारखं होतंय. हवा शुद्ध करणारं जादा यंत्र सुरू करायची तयारी चालली. खोलीत कुणी खुर्ची सरकवत नव्हतं. ताई भिंतीवरच्या धाकटीकडे बघत होती. हेल्मेटच्या काचेत उजेड पडल्यामुळे चेहरा दिसत नव्हता.

मग चित्र क्षणभर गेलं. परत आलं तेव्हा नर्सबाईंनी मोठा सुस्कारा सोडला. आकडा उतरला होता. उतरून बरोबर तिघांच्या जागी येऊन थांबला होता.

“सुटलो,” काका म्हणाले. लोक हसायला लागले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. यंत्राने काम केलं म्हणाले.

“यंत्र अजून सुरू केलेलं नाही त्यांनी,” नर्सबाई पुटपुटल्या. ते फक्त ताईने ऐकलं.

नियंत्रण कक्षाने एकेकाला हाक मारली. कमांडरने ओ दिली. पायलटने ओ दिली. तिसऱ्यानेही दिली. सगळे आवाज ज्याचे त्याचे होते. धाकटीचा तर अगदी स्वच्छ होता, लहानपणी अंगणातून यायचा तसा.

ताईचा फोन वाजला. अधिकारी खुशीत होता. तुमच्या बहिणीने स्वतः विनंती केली, तो म्हणाला, घरी दोन शब्द बोलायचेत म्हणून; खरं तर ही वेळ नाही, पण मुकादमांच्या घरच्यांना नाही कसं म्हणायचं? जोडून देतो.

ती जिन्यात गेली. कानात खरखर झाली, मग ती निवळली.

“ऐकतेयस ना?” धाकटीचाच आवाज. “दार उघडवलंस ते बरं केलंस, पोरी.”

ताईने भिंतीला हात टेकला. फोन कुणी केला होता ते वर कुणाला सांगितलेलं नव्हतं. आणि धाकटीने तिला जन्मात कधी पोरी म्हटलं नव्हतं; तसं म्हणत ते बाबा. तिने फोन कानाशी घट्ट दाबला.

“धाकटी… धाकटी कुठे आहे?”

पलीकडे कुणीतरी सावकाश, पोटभर श्वास घेतला.

“बाहेर,” धाकटीचा आवाज म्हणाला.