पाळण्यातली दोन बाळं

पाळण्यात दोन बाळं होती.

सुंदरबाईने डोळे मिटले, पुन्हा उघडले. बाळं दोनच. दोघंही एकाच वेळी पाय झाडत होती, एकाच सुरात रडत होती... आणि त्यांतलं खरं एकच होतं! तिने हात पुढे केला. हाताला काहीच लागलं नाही. मग जरा बाजूला चाचपल्यावर ऊबदार टाळू बोटांखाली आली, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

१९१८ सालच्या मानमोडीच्या तापाने शिंदखेड्याजवळच्या त्या गावात एकही घर सोडलं नव्हतं. या घरातून धाकटी जाऊ भिकुबाई गेली. जाण्याआधी तिने आपलं तान्हं पोर शेजारीच तापाने फणफणलेल्या सुंदरबाईच्या अंथरुणावर सरकवलं होतं. सुंदरबाई वाचली. तिची कूस आजवर रिकामीच होती, आणि आता शेळीच्या दुधात बुडवलेला कापसाचा बोळा चोखणारं ते पोर तिच्या छातीशी विसावत होतं. पण तापाने जाताना तिची नजर मात्र धड ठेवली नव्हती. प्रत्येक वस्तूला एक खोटी जोड दिसे. एक डोळा झाकला की जोड नाहीशी व्हायची. पण मग जवळचं सारं पुसट होऊन जायचं.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. भिकुबाईच्या आईचा, धुरपदाबाईचा, भुसावळहून निरोप होता की, दिवाळी झाली की येते. थोरलीच्या अंगात पोर सांभाळण्याइतकी ताकद असली तर राहू दे, नसली तर घेऊन जाते. आंधळ्या बाईच्या हाती नातू कोण ठेवील?

म्हणून ती घरात भिंतीला हात लावून चालायची, आणि माणसांसमोर एक डोळा बारीक करून बसायची. सासूला, तानुबाईला, त्याचा राग यायचा. तापातून उठल्यापासून ही मोठ्या माणसांकडे तिरकं पाहते, हिला ताठा चढलाय, असं ती शेजारणींना सांगायची. सुंदरबाई ऐकून घ्यायची.

दिवाळी होऊन गेली. धुरपदाबाई यायच्या दिवशी सकाळी सुंदरबाईने पोराला न्हाऊ घातलं. आजीला पोर नीटनेटकं दिसलं पाहिजे! काजळासाठी तिने कोनाड्यात हात घातला. तिथे दोन वाट्या असायच्या. एकीत काजळ, आणि दुसरीत तानुबाईने टाचांच्या भेगांसाठी दिव्यावर धरून गाळलेलं बिब्ब्याचं तेल... काळंच, पण कातडीला लागलं तर फोड उठवणारं. तिला चार वाट्या दिसल्या. तिने एकीत बोट बुडवलं, पोराची पापणी हलकेच ओढली...

तानुबाईने तिचं मनगट धरून मागे खेचलं.

"हाई बिब्बानं तेल शे!" म्हातारीचा आवाज फाटला होता. "मना नातूना डोया फोडाले बठनी का तू? सोताले पोर नही, म्हनीसन?"

सुंदरबाई दगडासारखी झाली. आपलं बोट कुठे पोहोचलं होतं, हे तिला आता कळलं. तोंड उघडलं तर पोर जाणार होतं. पण तिला वाटलं, आज हात धरायला ही होती... उद्या कोण असेल?

"माले बठ्ठंच दोन-दोन दिसस, आत्याबाई," ती म्हणाली. "ताप गया तैपासून. पोऱ्याले भुसावळनी आजीसंगे धाडी द्या. माले देऊ नका."

तानुबाईला एकेक गोष्ट आठवत गेली. तो बारीक केलेला डोळा, भिंतीवरचा हात, शेजारणींजवळ केलेल्या चहाड्या... मग तिने राख आणि गोडं तेल घेऊन सुनेचं बोट चोळायला सुरुवात केली, आणि चोळता चोळता ती स्वतःच हुंदके देऊ लागली.

बैलगाडी दाराशी आली तेव्हा पोराचं बोचकं सुंदरबाईनेच बांधून ठेवलं होतं. धुरपदाबाई ओट्यावर टेकली. तानुबाईने तिच्यापासून काहीच लपवलं नाही. बिब्ब्याचंही नाही, आणि स्वतःच्या जिभेचंही नाही. ऐकून धुरपदाबाई बोचक्याच्या गाठीशी चाळा करत बसली. लेकीच्या सासरी आईने पाणीसुद्धा पिऊ नये, ही रीत तिने लेकीच्या बाराव्यालाही मोडली नव्हती. घोटभर पाण्यासाठी ती शेजारच्या घरी गेली होती.

"तानुबाई, पाणी आना," ती म्हणाली.

तानुबाईचे पाय जागीच थबकले. मग तिने तांब्या आणला. धुरपदाबाईने तो ओठांना लावून रिकामा केला आणि बोचक्याची गाठ सोडली.

"मनी लेकनी जिले पोर दिधं, तिनापासून मी कशी लई जाऊ?" ती सुंदरबाईला म्हणाली. "तुना डोया बरा होतस तवर मीच या घरमा ऱ्हासू."

सुंदरबाईने पदर तोंडाशी धरला. भीती अजून गेली नव्हती.

"आनि बरा नहीच व्हयनात तर, माय?"

धुरपदाबाईने पोर उचलून तिच्या मांडीवर ठेवलं, आणि तिचे दोन्ही हात धरून त्याच्याभोवती नीट बसवून दिले.

"तं मी परत जावाव नही."