बारा डब्यांचे शून्य

जलतरण समितीच्या चिटणिसांनी तलावाचे पाणी परीक्षानळीत भरले, गोळी टाकली आणि नळी उजेडापुढे धरली. भाऊजींना क्षणभर गुलाबी झाक दिसली. चष्मा पुसेपर्यंत पाणी पुन्हा बिनरंगी झाले होते.

"शून्य," चिटणीस म्हणाले. "सलग चौदावा दिवस. क्लोरीन असतं, तर पाणी गुलाबी झालं असतं. बारा डबे पावडर गेली कुठे?"

प्रश्न वहिनींना होता. उत्तर मात्र चिटणिसांनी आधीच टंकून ठेवले होते. पोहण्याच्या तलावाचा राखणदार दुपारी बडतर्फ होणार होता. कोठीची किल्ली त्याच्याकडे, म्हणजे चोर तोच. एकोणीस वर्षांची चाकरी बोटभर नळीत बुडाली होती.

वहिनी खासगी तपासनीस होत्या. त्यांचे धाकटे दीर भाऊजी त्यांची पिशवी धरत आणि चुकीचे संशयित सुचवत. दोन्ही कामे निष्ठेने.

राखणदाराने सोललेले तळवे पुढे केले. साहेब रोज शून्य सांगत, आणखी ओतायला लावत. तो ओतत असे. "ओतली नाही म्हटलं तर कामचुकार, ओतली म्हटलं तर खोटारडा. मी काय म्हणू, बाई, तुम्हीच सांगा."

पोहणे शिकवणाऱ्या बाईंचे डोळे लालबुंद होते. "पश्चात्ताप," भाऊजी कुजबुजले. त्यावर बाईंनी सांगितले की त्यांच्या साऱ्या शिष्यांचे डोळे असेच झाले आहेत. चाळीस जणांचा सामुदायिक पश्चात्ताप भाऊजींनाही जड गेला.

कचेरीत चिटणिसांची गेल्या महिन्यातली तसबीर होती: मिशी काळीभोर. समोरची मिशी वाळल्या गवताच्या रंगाची. रोज सकाळी तासभर पोहूनही माणूस असा खंगावा, याचे भाऊजींना वाईट वाटले. तलावाची मात्र त्यांनी तोंडभरून स्तुती केली. एवढ्या कडक उन्हात तळाची एकेक फरशी मोजता येत होती.

"भाऊजी," वहिनींनी विचारले, "क्लोरीन नसलेलं पाणी चौदा दिवस उन्हात राहिलं, तर?"

"शेवाळ धरेल." ते थांबले. "पण इथे..."

वहिनींनी आपल्या बाटलीतले पिण्याचे पाणी नऊ चमचे घेतले, त्यात तलावाचे एक चमचा मिसळले, नळी भरली आणि गोळी टाकली. पाणी गडद गुलाबी झाले आणि तसेच राहिले.

"क्लोरीन अति झालं की गोळीचा रंगच खाऊन टाकतं. मग क्षणभर झाक येते आणि उडते. नळी मुकी नव्हती, चिटणीस. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. तुम्ही शून्य वाचत गेलात, हा ओतत गेला. डबे तलावात आहेत. थोडे शिष्यांच्या डोळ्यांत, याच्या तळव्यांत. उरलेले तुमच्या मिशीत."

चिटणिसांचा हात मिशीकडे गेला. "मग चोर कोण?" त्यांनी विचारले, समितीला नाव तर द्यायला हवे.

वहिनींनी चाचणीच्या पेटीतून सूचनापत्रक काढले. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. "वाचा. मोठ्याने."

चिटणीस वाचू लागले. नळीतल्या शून्यावर इतका विश्वास आणि छापील सूचनेवर इतका कमी, हा विद्वत्तेचा प्रकार वहिनींना नवा नव्हता.

तेवढ्यात राखणदाराने मेजावरचा बडतर्फीचा कागद उचलला, पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ठसठशीत लिहिले: 'तलाव बंद. पाण्यात उतरू नये.'

"साहेब," तो अदबीने म्हणाला, "सही?"