शंभराव्या पिशवीच्या टिचक्या

मिरजेत सकाळी दोन माणसं भेटली की पूर्वी "चहा झाला का?" असं विचारायची. आता विचारतात, "आज किती आल्या?" मग समोरचा मनगटावरचं निळं कडं कुरवाळत सांगतो, "दोन. एक अंघोळीच्या वेळी, एक आत्ता येताना." ज्याला एकही आलेली नसते तो विषय बदलतो.

येतात त्या टिचक्या. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात आणि प्लेटलेट नावाच्या इवल्याशा चकत्या गळती बुजवतात. कुठं कापलं-खरचटलं की त्या धावत जाऊन जखमेच्या काठाला चिकटतात. दान केलेल्या प्लेटलेटपैकी लाखात एखादीवर निरुपद्रवी रासायनिक खूण बसवायची युक्ती डॉ. नसीम मुजावर यांनी इथल्याच एका प्रयोगशाळेत शोधून काढली. अशा चकतीला त्या 'खूणपेशी' म्हणतात. खूणपेशी जखमेला चिकटली की एक क्षीण लहर सोडते. रुग्णाच्या खाटेखालचं यंत्र ती ऐकतं, आणि गावात कुठंतरी दात्याच्या मनगटावर, कुणी नखानं मारावी तशी, टिचकी बसते.

रुग्ण कोण, हे दात्याला कधीच सांगत नाहीत. पण आपलं रक्त या घटकेला कुणाच्या तरी कामी आलं, हे कळतं. तेवढ्यानं रांगा लागल्या. पूर्वी शिबिरात माणसं यावीत म्हणून हेल्मेट नाहीतर जेवणाचे डबे वाटावे लागत. आता नंबर लावावा लागतो, आणि ज्याच्या हातात कडं नाही त्याला स्थळं सांगून येत नाहीत.

विलास मगदुमांच्या हातात कडं होतंच, आणि ते जुनं झालेलं, घासून पांढुरकं पडलेलं होतं. मार्केटजवळ त्यांचं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना टिचकी आली की ते हात तसाच धरून डोळे मिटत, आणि गिऱ्हाईकही बिचारं आदरानं श्वास रोखून बसे. अशा माणसाची शंभरावी पिशवी म्हणजे गावाचाच सोहळा. हॉल ठरला, पत्रिका वाटून झाल्या, पुण्याहून लेक-जावई यायचे होते. प्रमुख पाहुण्या म्हणून खुद्द डॉ. मुजावर यांनी होकार दिला होता.

आणि नेमकी त्याच आठवड्यात दाढ ठणकायला लागली. पिशवी द्यायच्या आदल्या संध्याकाळी विलासरावांनी कपाटातली अॅस्पिरिनची गोळी घेतली. सकाळी आणखी एक घेतली. या गोळीनंतर तीन दिवस प्लेटलेट देता येत नाहीत, हे त्यांना माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. शिबिरात नव्या माणसांना हा नियम तेच बजावत. सख्ख्या मेहुण्याला त्यांनी याच गोळीपायी खुर्चीवरून उठवलं होतं, तेही चारचौघांत. "पिशवी भरंल रे, पण आत कामाचं काय नसंल," असं म्हणाले होते.

रक्तपेढीतल्या ताईंनी विचारलं, "काका, तीन दिवसांत कुठली गोळी?"

"नाही," विलासराव म्हणाले. ताईंनी मान वरसुद्धा केली नाही. मगदूमकाकांना काय विचारायचं, असाच तो प्रश्न होता.

त्यानंतर कडं गप्प झालं. विलासरावांचा जीव थाऱ्यावर राहिना. जेवताना घास हातात धरून ते मनगटाकडे बघत बसत. पिशवी अजून कुणाला लावलीच नसेल, रक्तपेढीतच पडून असेल, असं स्वतःला समजावत. फोन हातात घेत आणि ठेवून देत. त्यांच्या बायकोला, सुनंदावहिनींना वाटलं, सत्काराचं दडपण आलंय.

"एवढं काय मनाला लावून घ्यायलाय?" त्या म्हणाल्या. "चार शब्द बोलायचं आणि खाली बसायचं."

"व्हय," विलासराव म्हणाले. त्यांना त्या क्षणी सगळं सांगून टाकावंसं वाटलं होतं. पण वहिनी त्यांच्या नव्या सदऱ्याला इस्त्री करत होत्या. सत्कार होऊ दे, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. सत्कारानंतर सांगणं जास्त अवघड जाईल, हेही त्यांना कळत होतं, आणि त्याची त्यांना मनापासून लाज वाटली.

हॉल खचाखच भरला होता. डॉ. मुजावरांनी शाल खांद्यावर घातली, नारळ हातात दिला, आणि त्याच वेळी मनगटावर टिचकी बसली.

विलासराव दचकले. पाठोपाठ दुसरी बसली. मग तिसरी. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. चाललं! रक्त चाललं! गोळीनं काही बिघडलं नाही, आपण उगाच झुरलो. "आली," ते पुटपुटले, आणि निवेदक शिकलगारसरांनी तो शब्द अलगद उचलला.

"मंडळी, काकांना टिचकी आली! आत्ता, या क्षणी, कुणाचा तरी प्राण वाचतोय!"

सरांनी विलासरावांचा हात धरून कडं माईकला लावलं. टिक. हॉल टाळ्यांनी दणाणला. टिक. पुन्हा टाळ्या. टिक, टिक. लोक हसायला लागले, कुणीतरी शिट्टी मारली, लहान पोरं मोजायला लागली. उभ्या आयुष्यात एका दमात इतक्या टिचक्या विलासरावांना कधी आल्या नव्हत्या. आपल्याला माफी मिळाली, असंच त्यांना वाटलं.

टाळ्या फक्त एकच माणूस वाजवत नव्हता. डॉ. नसीम उठल्या, शिकलगारसरांच्या कानात काही बोलल्या आणि विलासरावांना दंडाला धरून पडद्यामागं घेऊन गेल्या. बाहेर महापौरांचं भाषण सुरू झालं.

"काका, गोळी घेतली होती का?"

"कुठली गोळी?"

"दुखण्याची. अॅस्पिरिन. पिशवी द्यायच्या आधी."

समोर खरं सांगायची वाट मोकळी होती. बाहेर शंभर पिशव्यांचं कौतुक चाललं होतं. "नाही बा," विलासराव म्हणाले.

कडं वाजलं. डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. कडं पुन्हा वाजलं.

"घेतली," विलासराव म्हणाले. "दोन घेतल्या. दाढ दुखत होती, मॅडम. पण चाललंय की! बघा की किती यायल्यात!"

डॉक्टरांनी उत्तर द्यायच्या आधी फोन लावला. "मगदुमांची पिशवी लावलीय तो पेशंट. ती थांबवा. दुसऱ्या दात्याची लावा. आत्ता, लगेच. हो, मी सांगतेय." मग फोन ठेवून त्या तिथल्याच एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या.

"काका, जखमेला चिकटणं हे प्लेटलेटचं पहिलं काम. दुसरं काम म्हणजे हाक मारणं. चिकटली की ती एक रसायन सोडते, आणि त्या हाकेला ओ देऊन बाकीच्या जमतात. एकमेकींवर बसतात, गठ्ठा होतो, भोक बुजतं. जखमेचा काठ एकदा झाकला, की नव्या खूणपेशीला चिकटायला जागाच राहात नाही. म्हणून धड बुजलेल्या जखमेच्या एकदोनच टिचक्या येतात."

"आणि गोळीनं?"

"गोळीनं हाकेचं रसायन बनत नाही. ती चकती मरेपर्यंत मुकी राहते. येते, एकटीच चिकटते, कुणाला बोलावू शकत नाही, आणि रक्ताचा लोट तिला घेऊन जातो. मग दुसरी येते. तीही जाते."

टिक.

विलासरावांनी दुसऱ्या हातानं कडं झाकलं. "म्हणजे हे..."

"कुणाला तरी रक्त येतंय. थांबत नाही."

"मी टाळ्या घेतल्या की हो त्याच्यावर," विलासराव म्हणाले. "तिथल्या डॉक्टरांना कळलं नाही?"

"त्यांनी दुसरं कारण शोधलं असेल. शतकवीराची पिशवी. तिच्यावर शंका कोण घेणार? आणि तुम्हाला एकट्याला कशाला बोलू? टिचकी म्हणजे फक्त जखम. माणूस वाचला की नाही, हे कड्याला कळतच नाही. जास्त टिचक्या म्हणजे जास्त पुण्य, असं लोकांनी धरलंय, हे मला पहिल्या वर्षीच समजलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण रक्तपेढ्या भरायला लागल्या होत्या. मी म्हटलं, राहू दे."

दोघंही कड्याकडे बघत बसले. बाहेर महापौर बोलतच होते. टिचक्या येत राहिल्या. मग त्यांच्यात अंतर पडायला लागलं. मग बराच वेळ एकही आली नाही.

"थांबलं," विलासराव म्हणाले. "दुसरी पिशवी लागू पडली. व्हय ना?"

डॉक्टर कड्यावरची नजर काढेनात.

"मॅडम?"

"लागू पडली असेल तर कडं गप्प होतं," त्या हळू म्हणाल्या. "आणि माणूस गेला, रक्त वाहायचंच थांबलं, तरी गप्प होतं."

"फोन करा. विचारा."

"मला सांगतील. पण तुम्हाला सांगायची मला मुभा नाही. मी विचारलं, तर तुम्ही आयुष्यभर माझ्या तोंडाकडे बघून ओळखायचा प्रयत्न कराल, काका."

तेवढ्यात पडदा बाजूला झाला. शिकलगारसरांनी विलासरावांना जवळजवळ ओढतच माईकपुढं नेलं. "आता सत्कारमूर्तींचे दोन शब्द! पण त्याआधी, काका, हात द्या. थांबल्या का टिचक्या? थांबणार कशा? मंडळी, जरा शांत बसा. अजून एक तरी येणार!"

सगळा हॉल चिडीचूप झाला. कडं माईकला टेकलेलं. पहिल्या रांगेत लेक-जावई होते. मेहुणा मान उंचावून बघत होता. सुनंदावहिनींनी डोळे मिटून हात जोडले होते. कुणाला तरी पुन्हा रक्त फुटावं, म्हणून एवढी माणसं श्वास रोखून बसली होती, आणि त्यांतल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं.

विलासरावांना ठाऊक होतं. तरीही त्यांनी डोळे मिटले आणि, जन्मात कधी मागितलं नव्हतं इतकं कळवळून, मागितलं. एक टिचकी. देवा, एकच येऊ दे.