बिननावाचं आवतण

हळकुंडं, नाडा, सुपाऱ्या आणि अर्धा शेर खडीसाखर पिशवीत टाकून आवडाबाई ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून ह्युबर्ट बँडवाल्याच्या घराकडे वळली, तेव्हा उन्हं नुकती कलली होती. साल असेल त्रेपन्न की चोपन्न. भाची सुमतीची हळद चार दिवसांवर आलेली आणि बँड ठरवायचा राहिलेला. आई गेली तेव्हा सुमती अडीच वर्षांची होती. तेव्हापासून तिचं न्हाणं-खाणं, ताप-खोकला सगळं आवडाबाईनं काढलं. स्वतःला मूल नाही. त्यामुळे या लग्नात काही उणं राहिलं असतं तर तिनं देवालाही फैलावर घेतलं असतं.

ठाकुर्लीच्या खाली, खाडीच्या अंगाला तिचं आगरी गाव. ती तिथली धवलारीण. म्हणजे लग्नात हळदीच्या आधी धवले गाणारी, देवांना आणि घराण्यातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावणारी बाई. तिच्या घरची रीत कडक होती. तुळसा आत्यानं ती शिकवताना कान पिळून सांगितलेलं, की ज्याला ज्या नावानं बोलावलं, त्याला लग्न उरकल्यावर त्याच नावानं बोळवणीचं गाणं म्हणून परत पाठवायचं. एकही मागं राहता कामा नये.

हे सगळं ती काटेकोर पाळी. पण एका हौसेपुढे तिचं काही चालत नसे. ओळखीचं गाणं परक्या वाद्यावर, परक्या ठेक्यात कानावर आलं की ही बाई भर रस्त्यात उभी राही. सिनेमातलं गाणं भजनी मंडळानं टाळमृदंगावर घेतलं, तिला आवडे. भूपाळी लेझमीवर, आवडे. डोंबिवलीच्या शुभदाताई मास्तरीण तर लावणीची चाल पेटीवर अशी सोज्वळ वाजवीत, की देवळातल्या म्हाताऱ्या हात जोडत. आवडाबाई पदराआड हसून बेजार होई.

“गाणं म्हणजे बाईमाणूस,” ती म्हणे. “नऊवारी नेसव नाय तर झगा घाल. दोन पावलं चालली की कळतंच, कुणाच्या घरची ती.”

ह्युबर्टच्या अंगणात तालीम चालू होती. ह्युबर्ट क्लॅरिनेटवर, त्याचा भाऊ डेनिस मोठ्या ड्रमवर, बाकी दोघे ट्रंपेटवाले. हिंदूंच्या लग्नात सिनेमाची गाणी, चर्चच्या सणाला देवाची गाणी, दोन्ही त्यांच्याकडे सारख्याच ऐटीत वाजत. फाटकाशी पोचली आणि आवडाबाई जागीच थबकली.

तिचाच धवला होता तो! आवतणाचा. मेलेल्यांना बोलावण्याचा. पण नाचाच्या ठेक्यात, उड्या मारत, ट्रंपेटची शेपटी लावून.

“मेल्या,” ती आत शिरत म्हणाली, “काय केलंस रं माझ्या गाण्याचं?”

“बिघडवलं काय, बाय?” ह्युबर्ट घाबरला. माघातल्या एका लग्नात त्यानं तिचं ऐकून ते उचललेलं होतं.

“बिघडवलं? अरे, माझी आत्या उठून नाचली असती! परत वाजव.”

त्यानं वाजवलं. ती कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिली, आणि एका जागी तिनं त्याला थांबवलं. “इथं नको घाई करूस. इथं नाव येतं. ‘अमकी गो, ये गो, तुला आवतण.’ वाजवताना तुला कुठलं नाव आलंय? तेवढी जागा मोकळी सोड. दोन ठोके कायसुद्धा वाजवू नका. मग ट्रंपेट.”

पुढे तिनं हजारदा स्वतःच्या तोंडात मारून घेतलं असेल, ते या वाक्यासाठी.

पुन्हा वाजलं. नावाच्या जागी सगळी वाद्यं गप्प झाली. कडूनिंबावरचा कावळासुद्धा गप्प. आणि त्या दोन ठोक्यांच्या पोकळीत, कुठूनतरी, फार हळू…

“ओ.”

डेनिसनं ड्रमची काठी खाली घेतली. “कोण गो?”

स्वैपाकघरातून ह्युबर्टची बायको व्हिक्टोरिया ओले हात पुसत आली. “त्या बायला कुणी बोलावलंय? मागच्या दारी उभी हाय. निथळतेय नुसती. नाव विचारलं, तर माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली.”

सगळे मागच्या दारी गेले. कोणी नव्हतं. पायरीवर दोन पावलं उन्हात सुकत होती. आवडाबाईनं वाकून बोट लावलं आणि जिभेला टेकवलं. खारट. खाडीच्या चिखलाचा वास.

“असेल कुणी कोळीण,” ती म्हणाली. “हळदीला वेळेवर या. आणि हेच वाजवा.”

हळदीच्या दिवशी दुपारी मांडव गच्च भरला. आवडाबाईनं रीतसर धवले म्हटले. सुमतीची आई, आजी, पणजी, खाडीत बुडालेला काका, सगळ्यांना नावानं बोलावलं. मग ह्युबर्टनं क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि तोच धवला नाचाच्या ठेक्यात सुटला. म्हाताऱ्यांनी काठ्या टाकल्या. सुना पदर खोचून नाचल्या. आवडाबाई स्वतः फेर धरून ओरडत होती, “आणखी एकदा! अरे, दमलास काय पाव खाऊन? आणखी एकदा!”

सहा वेळा वाजलं. सहा वेळा ती मोकळी जागा आली. सहाव्या वेळी “ओ” इतकं जवळून आलं, की नाचणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कोणीतरी खिदळलं. पुन्हा नाच.

मग उष्टी हळद लावायला नवरीला हाक मारली. “सुमते! चल गो, पाटावर ये!”

“ओ.”

ओ आली ती मागच्या पडवीतून, पाण्याच्या रांजणांपासून.

आणि सुमती तर समोर बसली होती. हिरवा चुडा भरलेली, डोळे उघडे. तिनं मान वळवली नाही.

“सुमती…” आवडाबाई तिच्यापुढे बसली. हनुवटी धरली. गार होती, घागरीसारखी. “सुमे, माझ्याकडं बघ. मी कोण?”

पोरीचे ओठ हलले. “तुम्ही… कुणाला हाक मारताय, मावशी?”

“तुला गं! तुझं नाव काय?”

पोरगी विचार करत राहिली. मागून, पडवीतून, कोणीतरी खुशीत, घाईघाईनं उत्तर दिलं.

“सुमती.”

मांडवातून रांजणांकडे गेलेली ओली पावलं सुकली होती. जिथं जिथं पाणी वाळलं, तिथं मिठाचा पांढरा पाय उमटलेला.

बायका रडायला लागल्या. कोणी भगत आणा म्हणालं, कोणी लग्न मोडा म्हणालं. आवडाबाई ओरडली, “रडायचं असेल तर घरी जाऊन रडा. इथं माझी पोर बसलीय.” आणि ती सरळ गुणाजीबाबाकडे गेली. हा म्हातारा सारा जन्म मिठागरात राबलेला.

“बाबा, मिठागरात कोण मेलेलं, ज्याला आपण कधी बोलावलं नाय?”

गुणाजीनं ते पांढरे पाय पाहिले. 

“माझ्या मिसरूड फुटायच्या वक्ताची गोष्ट,” तो म्हणाला. “कुठल्या मुलखातली बाई कामाला आलती. तिची बोली कुणाला कळंना, आमची तिला कळंना. नाव कुणी विचारलंच नाय. ‘ए’ म्हनलं की यायची. भरतीत बांध फुटला, त्यात गेली. त्याच बांधात मूठमाती दिली. नावच नाय, तर रडनार कुणाच्या नावानं?”

आवडाबाई खाली बसली. सगळं तिच्या ध्यानात आलं. नावाची जागा मोकळी ठेवून तिनं आवतण धाडलं होतं. एकदा नाही, तालमीपासून कितीदा! बिननावाच्या आवतणाला बिननावाचीच येणार. आणि मांडवात आल्यावर पहिलं नाव जे कानावर पडलं, ते तिनं उचललं.

“बोळवण म्हण,” गुणाजी म्हणाला.

“कुणाच्या नावानं म्हणू? सुमतीच्या? मग माझी पोर जाईल तिच्यासंगं.”

“कायतरी नाव ठेव तिला.”

“ठेवलेलं नाव ती कशाला घेईल, बाबा? तिला वापरातलं नाव मिळालंय. ताजं. माणसाच्या अंगावरचं.” तिनं डोळे पुसले. सुमतीकडे पाहिलं. उद्या लग्न. दिवस मावळायला तासभर. ती उठली. “ह्युबर्ट! इकडं ये.”

“बाय, आम्ही जातो… डेनिसला ताप भरलाय…”

“डेनिसला ताप लग्नानंतर भरू दे. जिला क्लॅरिनेटनं बोलावली, ती माझ्या नुसत्या गळ्यानं जायची नाय. बोळवण शीक. आत्ता.”

गोठ्यामागे बसून तिनं त्याला बोळवणीची चाल दिली. संथ, ओढलेली चाल.  ह्युबर्ट दोनदा चुकला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “बाय, ही अशी नाय बसायची बँडवर. आमच्याकडं कबरस्तानात माणूस नेताना वाजवतो, तसा ठेका देतो. चालेल?”

“देऊन बघ.”

त्यानं दिला. आणि अशाही वेळी आवडाबाईच्या अंगावर शहारा आला. कारण बोळवण तिनं आयुष्यभर म्हटली होती, पण अशी ऐकली नव्हती. तीच चाल, आणि तरी कुणाच्यातरी मागे कायमचं दार लावल्यासारखी.

“नावाची जागा मोकळी ठेव,” ती म्हणाली. “यावेळी तिथं मी आहे.”

सुमतीला दोन्हीकडून धरून ते बांधाकडे निघाले. पुढे बँड, मागे आवडाबाई. मिठागरं पांढरीशुभ्र पडलेली, त्यावर तांबूस उजेड. वारा नव्हता. डेनिसचा ड्रम सावकाश, एकेक ठोका. बांधावरून त्यांच्या पाठीमागे आणखी एक चाल येत होती. चप् … चप् … ओल्या पायांची. मागं कोणी पाहिलं नाही. बँडसंगं हळदीला आलेली व्हिक्टोरिया रोझरीची प्रार्थना पुटपुटत होती.

जिथं बांध वळतो तिथं आवडाबाई थांबली आणि तिनं आवाज लावला.

“जेवलीस गो, माखलीस गो, मांडव पाहिलास गो…”

क्लॅरिनेट चढलं. ड्रम थांबला. नावाची मोकळी जागा आली.

“सुमती,” पाठीमागून कोणीतरी आपणहून सुचवलं. अगदी गोड आवाजात.

“नाय!” आवडाबाई कडाडली. “ते माझ्या पोरीचं हाय. सोड! तुला माझं देते. बेचाळीस वर्षं वापरलंय. धड हाय, मजबूत हाय. आवडा! आवडा गो, घे आणि जा. मागं पाहू नको!”

खाडी गप्प. ट्रंपेट वाजायचं विसरलं.

“ओ,” आवाज आला. या वेळी तो आवडाबाईच्या आवाजासारखा होता. हुबेहूब.

मग चप् चप् त्यांना ओलांडून पुढं गेली, बांधावरून, लांब, आणि थांबली.  सुमती भोकाड पसरून रडली. “मावशी, मला भूक लागलीय गं!”

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. सुमती हसत भिवंडीला नांदायला गेली. पहिल्या पत्रात तिनं खाली नाव लिहिलं, ते तिघांकडून वाचून घेईपर्यंत बाईला चैन पडलं नाही. स्वतःच्या नावाचं मात्र तिला काही वाटेनासं झालं. कोणी “आवडा” म्हटलं की शेजारच्या गावातल्या बाईबद्दल बोलणं चाललंय असं वाटे. तिनं गावाला सांगितलं, मला मावशी म्हणा. गावानं ऐकलं. न ऐकून सांगतंय कुणाला!

तीन आठवड्यांनी भर दुपारी अंगणात एक माणूस आला. हातात नवं लुगडं आणि नारळ.

“धवलारीण आवडाबाईंचं घर हेच काय? मी तानाजी, विठ्ठलवाडीचा. काल आमच्या मांडवातून न जेवताच निघून गेल्या हो. मानाचं लुगडं राहिलं.”

तांदूळ पाखडणारे तिचे हात थांबले. “काल कोण आलेली तुमच्याकडं?”

“आवडाबाई. बोलावल्या नव्हत्या, आपणहून आल्या. पण गळा काय, मावशी! आमच्या घराण्यातलं एकेक माणूस नावानं बोलावलं. माझ्या आजीचं एक पोर चौथ्या दिवशीच गेलेलं, त्यालाही हाक मारली. आजी ढसाढसा रडली.” तो जरा थांबला. “त्याचं बारसंच झालं नव्हतं. मग नाव त्यांना कुणी सांगितलं?”

मावशीनं सूप खाली ठेवलं. “आणि बोळवण?”

“आम्ही विचारलं. तर म्हणाल्या, ती आता लागत नाही. आलेल्यांना राहू दे.”

“मांडव सोडलात?”

“कसा सोडणार?” तानाजीनं ओठांवरून जीभ फिरवली. “आमची पाव्हणेमंडळी कालच गेली… पण पंगती अजून उठत नाहीत.”

तिनं त्याच्या हातातलं लुगडं घेतलं, काखेत मारलं आणि पदर खोचून चपला पायात सरकवल्या.

“घरी कोण आलंय म्हणून सांगू?” तानाजीनं विचारलं.

“नाव विचारू नको,” ती म्हणाली. “ठाण्यावरून बँड घेऊ, आणि चल.”